१९८६ चा शेव्हरले सी-१०, ५.३ लिटर इंजिन: सायलेन्सर, कॅट आणि वाफेच्या नळ्या

११ जानेवारी २०२५, शनिवार. फ्रेस्नो

ट्रकचं जुनं ३०५ इंजिन गेलं. एका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन उरलेलं नाही आणि ब्लॉकला तडा आहे. त्याच्या जागी २००४ च्या सिल्व्हराडो १५०० मधलं ५.३ लिटरचं एलएम७ बसवायचं, गिअरबॉक्सही त्याच गाडीचा, ४एल६०ई. इंजिन-बदलावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माउंट, वायरिंग, रेडिएटर या सगळ्यावर माहिती मिळते. धूर बाहेर जाण्याच्या वाटेवर आणि पेट्रोलच्या वाफेवर मात्र शेवटी दोन ओळी असतात. म्हणून या वहीत मी फक्त तेवढंच लिहिणार आहे.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक (धुराची सक्तीची तपासणी) लागतो. इंजिन बदललं की आधी रेफरीकडे, म्हणजे अशा बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या अधिकृत केंद्राकडे, जावं लागतं. नियम थोडक्यात असे: इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं. गाडी कॅलिफोर्निया-प्रमाणित असेल तर इंजिनही तसंच हवं. हलक्या गाडीत अवजड वर्गाचं इंजिन चालत नाही, क्षमता तीच असली तरी नाही, कारण त्यांची धुराची मानकं वेगळी. आणि इंजिन ज्या गाडीतून आलं तिथे त्यावर जी जी प्रदूषण-रोधक सामग्री होती, ती सगळी सोबत यायला हवी, चालू स्थितीत.

या शेवटच्या अटीनेच सगळं काम ठरतं. आपण नुसतं इंजिन आणत नाही, एक अख्खी यंत्रणा आणतो, आणि तिची टोकं गाडीच्या मागच्या टाकीपर्यंत पोचलेली असतात.

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मामा सध्या आमच्याकडे आले आहेत. ते म्हणाले, "अरे, सायलेन्सर शेवटी बांधायचा असतो. आधी इंजिन बसव, मग नळी वाकवून काढ बाहेर." एसटीच्या डिझेल इंजिनावर ते बरोबर होतं. इथे कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू साफ करणारा डबा) कुठे बसतो त्यावर इंजिन, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी), सगळं ठरवायचं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

भंगार यार्डात दाता गाडी, म्हणजे जिचं इंजिन घ्यायचं ती सिल्व्हराडो, पाहिली. मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत. पहिलं काम बॉनेटखालचं लेबल वाचणं. त्यावर कॅलिफोर्निया-प्रमाणित असल्याचं छापलेलं आहे. टेस्ट ग्रुप (इंजिनाच्या धूर-प्रमाणपत्राचा गट), वाफेच्या यंत्रणेचा गट आणि सामग्रीची यादी: दोन थ्री-वे कॅट, चार तापवलेले ऑक्सिजन सेन्सर, सिक्वेन्शियल इंजेक्शन. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यादीत नाही, हवेचा पंपही नाही. या यादीत जे आहे तेच रेफरी शोधणार. लेबलाचा फोटो तिरप्या उजेडात काढावा, अक्षरं स्पष्ट येतात.

यार्डवाल्याने कॅट देणार नाही म्हणून आधीच सांगितलं, आणि ते योग्यच आहे. या राज्यात वापरलेला कॅट विकणं किंवा बसवणं बेकायदा आहे. पण मापं घ्यायला त्याची हरकत नव्हती. गाडी लिफ्टवर असताना मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) फ्लँजपासून कॅटच्या पुढच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर, पुढच्या सेन्सरची जागा, मागच्या सेन्सरची जागा, सगळं टेपने मोजून वहीत आणि टेप दिसेल असे फोटो. नवे कॅट जवळपास त्याच अंतरावर यायला हवेत. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काम करू लागतो. लांब मागे ढकलला तर थंड इंजिनाचा पहिला धूर तसाच बाहेर जातो, आणि थंड इंजिनाचा धूर सगळ्यात घाण असतो.

इंजिनासोबत घेतलेलं: पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा), संगणक (निळे-हिरवे कनेक्टर असलेला), थ्रॉटल-पेडल आणि त्याचं मॉड्यूल, एअर फिल्टरचा डबा हवेच्या सेन्सरसकट, कोळशाचा डबा, पर्ज व्हॉल्व्ह, व्हेंट व्हॉल्व्ह, टाकीतलं पंप-मॉड्यूल, टाकीच्या दाबाचा सेन्सर आणि पेट्रोलचं झाकण. एअर फिल्टरचा डबाही सामग्रीत मोजला जातो. मोकळा शंकूसारखा फिल्टर लावायचा तर त्याला एअर रिसोर्सेस बोर्डाचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) मंजुरी क्रमांक हवा.

२५ जानेवारी, शनिवार

जुनं सामान उतरवलं. बाहेर दाट धुकं, आणि शेकोट्या-फायरप्लेसवर बंदीचा दिवस. या खोऱ्याला पूर्वेला सिएरा नेवाडा आणि पश्चिमेला कोस्ट रेंज. हिवाळ्यात वर गरम हवेचं झाकण बसलं की खालची हवा हलत नाही. इथे राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही, घशाला कळतं. हा ट्रक मला रस्त्यावर हवा आहे, पण या हवेत भर घालून नको.

१९८६ चं सामान वेगळंच: बेल्टवर चालणारा हवेचा पंप, त्याच्या गंजून चाळणी झालेल्या नळ्या, ईजीआर, आणि खाली चपटा कॅट. या जुन्या जनरल मोटर्सच्या कॅटमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी नसून सिरॅमिकचे मणी असतात. हलवला तर आतून खुळखुळतो.

जुन्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये आणि नळीच्या सांध्यावरच्या कड्यांमध्ये त्या काळी अॅस्बेस्टॉस असायचं. आधी पाणी मारून ओलं केलं, मास्क लावला, ओलंच खरवडून पिशवीत बांधलं. तारेचा ब्रश ड्रिलला लावून हे कधीच साफ करू नये. कॅट कापून उघडायचाही नाही. आतली धूळ फुप्फुसात नको, आणि नव्या प्रकारच्या कॅटभोवतीच्या पट्टीत सिरॅमिकचे बारीक तंतू असतात.

मामांनी जुना कॅट हातात घेऊन विचारलं, "याचं काय करायचं?" इथे चोऱ्या इतक्या वाढल्या की २०२३ पासून कायदा कडक झाला. भंगारवाला तो परवानाधारकाकडून किंवा कागदपत्रं दाखवणाऱ्या मालकाकडूनच घेऊ शकतो. त्यामुळे गाडीचं रजिस्ट्रेशन सोबत घेऊन परवाना असलेल्या ठिकाणी दिला, पावती फाइलमध्ये.

८ फेब्रुवारी, शनिवार

५.३ च्या मॅनिफोल्डचा सगळ्यात मागचा बोल्ट तुटलेला मिळाला, उजव्या बाजूचा. या इंजिनांची ही ठरलेली खोड. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. दोन्ही तापून वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, आणि ओढाताण टोकाच्या बोल्टवर येते. थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक येते आणि तापलं की थांबते, ती बऱ्याचदा इथूनच. पुष्कळजण ती टॅपेटची समजतात.

हा बोल्ट इंजिन खाली असतानाच काढायचा. केबिनच्या भिंतीला लागल्यावर तिथे हात जात नाही.

इथे मामांचा हात कामाला आला. तुटलेल्या टोकाची थोडी कडा बाहेर दिसत होती. त्यावर एक नट धरून आतून मिग वेल्डिंगने भरलं, नट लाल होईपर्यंत. थंड होऊ दिलं, गंज सोडवणारं तेल मारलं, आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. "जोर लावायचा नाही, त्याला विचारायचं," मामा म्हणाले. आटे न तुटता बाहेर आला. वेल्डिंगची उष्णता बोल्टला मिळते, हेड तुलनेने थंड राहतं, त्यामुळे पकड सुटते. हे जमलं नाही तरच ड्रिल, आणि तेव्हा बरोबर मधे पंच मारून, कारण अॅल्युमिनियम मऊ असतं आणि ड्रिल तिकडेच पळतं.

आट्यांतून ८ मिमी, १.२५ चा टॅप फिरवून साफ केलं. मॅनिफोल्डचा तळ सरळपट्टीने तपासला, वाकलेला नाही. सगळे बोल्ट नवे. आवळणी मधून बाहेरच्या बाजूला, आधी १५ न्यूटन-मीटर, मग २५. याहून जास्त आवळलं की पुन्हा तेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

इंजिन-गिअरबॉक्स फ्रेमवर तात्पुरतं टेकवलं. कॅटच्या जागी त्याच मापाचे पुठ्ठ्याचे नळकांडे टांगले. उजवा नेमका क्रॉसमेंबरवर येतो. क्रॉसमेंबर हलवायचा, कॅट नाही. ४एल६०ई साठी तो तसाही सरकवावा लागणारच होता.

१ मार्च, शनिवार

कॅट आले. निवडण्याची पद्धत लिहून ठेवतो, कारण इथे पैसे वाया जायची शक्यता सर्वात जास्त. बाजारात दिसायला सारखे दोन प्रकार असतात: इतर राज्यांत चालणारे स्वस्त, आणि कॅलिफोर्नियाला मंजूर महाग. मंजूर कॅटच्या कवचावर डी-१९३ ने सुरू होणारा क्रमांक कोरलेला असतो आणि प्रवाहाचा बाण असतो. पण क्रमांक असणं पुरेसं नाही. तो तुमच्या इंजिनाच्या टेस्ट ग्रुपला मंजूर असायला हवा. बॉनेटखालच्या लेबलावरचा टेस्ट ग्रुप बोर्डाच्या वेबसाइटवर टाकून जुळवला, त्याची छापील प्रत काढली. ट्रक १९८६ चा म्हणून दुकानदाराने १९८६ चा कॅट पुढे केला होता. इथे गाडीचं वर्ष बघायचं नाही, इंजिनाचं बघायचं.

नळ्या ४०९ स्टेनलेसच्या. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घ्यायचाच नाही. वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर निघतो, रात्री ताप भरतो. स्टेनलेस आणि साधं लोखंड जिथे जोडायचं तिथे ३०९एल तार. टाके आधी गाडीखाली जागेवर मारले, मग उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड. जागेवर पूर्ण वेल्ड करायचा मोह होतो, पण वरची बाजू दिसत नाही आणि तिथेच भोक राहतं.

पुढच्या सेन्सरच्या आधी गळती असेल तर सगळं गणित बिघडतं. धुराचे ठोके येतात तसे मधे नळीत क्षणभर दाब कमी होतो आणि त्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो. प्रत्यक्षात मिश्रण घट्ट होतं, कॅट नको इतका तापतो. सुईच्या टोकाएवढं भोक, आणि शेवटी बिल कॅटचं.

उष्णतेचे पत्रे कॅटच्या वर आणि खाली दोन्हीकडे. खालचा पत्रा लोक काढून टाकतात. आपल्याकडे मे ते ऑक्टोबर टेकड्यांवर गवत वाळलेलं असतं, आणि तापलेला कॅट त्यावर टेकला की वणवा लागतो. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी दोन्ही डाव्या फ्रेमच्या आतून घेतली, धुराची नळी उजवीकडून.

२ मार्च, रविवार

चार सेन्सर. आट्यांच्या कड्या नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे घड्याळात दहा ते दोनच्या मधे, तिरप्या बसवल्या. थंडीत नळीत पाणी साठतं, आणि तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला की ते तडकतं. आट्यांना निकेलचं अँटी-सीझ, टोकाला लागू न देता. गॅस्केटला साधं सिलिकॉन नाही, त्याची वाफ सेन्सरला निकामी करते. डब्यावर "सेन्सरला सुरक्षित" लिहिलेलंच.

मागच्या दोन सेन्सरच्या तारा लांब कराव्या लागल्या. सोल्डर केल्या नाहीत, क्रिंप केल्या (दाबून जोडल्या). सेन्सर बाहेरच्या हवेशी तुलना करून ऑक्सिजन मोजतो, आणि ती हवा तारेच्या आवरणातून, धाग्यांच्या फटीतून आत येते. सोल्डरने ती वाट बुजते.

मामांनी विचारलं, "मागचे दोन कशाला? पीयूसीला तर नळीत नळी घालून मोजतात." मागचे दोन कॅटची तपासणी करतात. पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतो. कॅट नीट काम करत असेल तर मागच्याचा जवळपास स्थिर राहतो, कारण कॅट ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की संगणक कॅट निकामी असल्याचा कोड देतो, पी०४२० किंवा पी०४३०. काही जण संगणकात मागचे सेन्सर बंद करून घेतात. ते बेकायदा आहेच, आणि १९ जुलै २०२१ पासून या राज्यात स्मॉग चेकमध्ये बदललेलं सॉफ्टवेअरही पकडलं जातं. आमचा संगणक मूळ प्रोग्रामवरच आहे.

१५ मार्च, शनिवार

पेट्रोलची टाकी. या वहीतला सर्वात अवघड भाग हाच.

१९७३ ते १९८७ च्या या ट्रकांना टाक्या फ्रेमच्या बाहेर, दोन्ही कुशीला. बाजूने धडक बसली की पहिला मार टाकीला. यावर अमेरिकेत मोठा वाद झाला, शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये परिवहन खातं आणि जनरल मोटर्समध्ये समझोता झाला, कंपनीने सुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायचं मान्य केलं. टाकी हलवायचीच होती. त्या काळच्या ब्लेझरची टाकी मागच्या अॅक्सलच्या मागे, दोन फ्रेमच्या मधे बसते. तीच नवी घेतली. तिच्या वरच्या तोंडावर २००४ च्या पंप-मॉड्यूलची कडी वेल्ड केली. मुद्दाम लिहितो: नवी, पेट्रोल कधीही न लागलेली टाकी. वापरलेली टाकी कितीही धुतली तरी तिला टॉर्च लावायची नाही.

पंप बदलणं सोपं. ५.३ ला साधारण ४ बारचा दाब लागतो, मॉड्यूलमधला पंप तो देतो. गाडं अडतं ते वाफेपाशी आणि काट्यापाशी.

वाफेची यंत्रणा अशी: उभ्या गाडीत टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात शोषली जाते. चालताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती ओढून जाळतं. तपासणीसाठी संगणक व्हेंट व्हॉल्व्ह बंद करतो, पर्ज उघडून टाकीत हलका व्हॅक्यूम तयार करतो, मग पर्जही बंद करून दाबाच्या सेन्सरकडे बघत राहतो. व्हॅक्यूम टिकला तर ठीक. अर्ध्या मिलिमीटरचं भोकही त्याला कळतं.

पण ही तपासणी टाकी १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच होते, आणि टाकी किती भरली आहे हे संगणकाला फ्लोटवरून (टाकीत तरंगणाऱ्या मापकावरून) कळतं. १९८६ च्या फ्लोटचा रोध ० ते ९० ओहम, २००४ च्याचा ४० ते २५०. जुना फ्लोट ठेवला तर डॅशबोर्डचा काटा छान हलेल, पण संगणकाला चुकीचा आकडा मिळून वाफेची तपासणी कधी सुरूच होणार नाही. दिवा लागणार नाही, कोड येणार नाही, फक्त रेफरीच्या पडद्यावर "अपूर्ण". म्हणून फ्लोट २००४ चा, थेट संगणकाला, आणि जुन्या काट्यासाठी मधे रोध बदलणारं छोटं मॉड्यूल.

कोळशाचा डबा टाकीच्या पुढे, चाकाच्या चिखलापासून दूर. व्हेंट व्हॉल्व्हचं तोंड उंचावर, फ्रेमच्या आत. धूळ गेली की तो अर्धवट उघडा राहतो.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. इंजिन आज सुरू झालं.

तेल साधं, डब्यावर सांगितलेल्या ग्रेडचं. जुन्या गाड्यांसाठी मिळणारं जास्त झिंक-फॉस्फरसचं तेल घातलं नाही. ते जुन्या सपाट टॅपेटना हवं असतं. या इंजिनाचे टॅपेट रोलरवाले, आणि फॉस्फरस जळून कॅटवर बसला की प्लॅटिनम-पॅलेडियमचा थर हळूहळू मरतो. मिसफायर असेल तर इंजिन लगेच बंद, हेही आधी ठरवलं होतं. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. स्कॅनर लावूनच चावी फिरवली. आठही सिलिंडर शून्य मिसफायर. मॅनिफोल्डपाशी टकटक नाही.

पीसीव्हीची नळी तपासली, ओढ आहे. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाची) वाफ परत इंजिनात घेणारी ही छोटी नळी कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये सक्तीची केली, देशातली पहिली. पासाडीनात आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं होतं की गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात मिळून ओझोन बनतो. त्या शोधाची फळं आपण फुप्फुसात घेतो, म्हणून ही नळी मी कधी मोकळी सोडत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतो तो आकडा) इंजिनाच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत. रस्त्यावर, चढावर, वजन टाकून.

संगणक स्वतः करतो त्या कॅट, सेन्सर, सेन्सर-हीटर, तिन्ही तपासण्या पूर्ण. त्यासाठी रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून थोडा वेळ आयडल, मग ९९ हायवेवर ताशी ५५ मैलांवर स्थिर, मग पाय काढून ब्रेक न लावता वेग उतरू देणं. वाफेची तपासणी मात्र सुरू होऊन पी०४४२ देऊन थांबली: छोटी गळती. फ्लोटचं काम बरोबर झालं, हे त्यातून कळलं.

२६ एप्रिल, शनिवार

गळती मिळाली. धुराच्या यंत्राने, नायट्रोजनवर, अगदी कमी दाबाने. पेट्रोलच्या वाफेत कंप्रेसरची हवा भरायची नाही. मामा टॉर्च घेऊन खाली, मी वर. टाकीला, कडीला, झाकणाला काही नाही. मामांनी हाक मारली, "इथं बघ, निघतोय!" कोळशाच्या डब्यापासून व्हेंट व्हॉल्व्हकडे जाणारी दाता गाडीची रबरी नळी वाकणावर तडकलेली होती. वीस वर्षांचं रबर. वाफेच्या सगळ्या रबरी नळ्या पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेल्या नव्या घातल्या, फक्त तेवढी नाही, सगळ्या.

१५ मे, गुरुवार

रेफरीची तारीख. कम्युनिटी कॉलेजच्या आवारातलं केंद्र. सोबत नेलेली फाइल: यार्डाची पावती दाता गाडीच्या व्हीआयएनसह (गाडीच्या ओळख क्रमांकासह), लेबलाचा फोटो, कॅटची पावती आणि वेबसाइटवरची छापील प्रत, मापांचे फोटो.

रेफरीबाई शांतपणे, लेबलाची यादी हातात धरून, एकेक वस्तू आरशाने बघत गेल्या. एअर फिल्टरचा डबा, पीसीव्ही, पर्ज, चारही सेन्सर मोजून, कॅटवरचा क्रमांक स्वतः लिहून घेतला. कोळशाचा डबा कुठे आहे म्हणून विचारलं आणि खाली वाकून नळ्या बोटाने धरून पाहिल्या. चावी फिरवल्यावर चेक-इंजिनचा दिवा लागतो आणि सुरू झाल्यावर विझतो का, हेही. मग संगणक जोडला. सगळ्या तपासण्या पूर्ण, कोड नाही. धुराचे आकडेही पास.

गाडीवर लेबल लागलं: कोणतं इंजिन, कोणत्या वर्षाचं, त्यावर काय काय असायला हवं. पुढच्या वेळेपासून साध्या स्मॉग स्टेशनवर जाता येईल. तिथला माणूस बॉनेट उघडून १९८६ चा हवेचा पंप शोधू लागला तर त्याला हे लेबल दाखवायचं.

घरी येताना मागच्या हँगरचा रबर थोडा सैल वाटला, मोठ्या खड्ड्यावर नळी अॅक्सलजवळ येते. शनिवारी बदलायचा. मॅनिफोल्डचे बोल्ट थंड असताना पुन्हा २५ वर तपासायचे, विशेषतः उजवीकडचा शेवटचा.